पाव इंच

चर्चच्या तळघरात चार लेन, जिन्याखाली माझं दुकान:
एक ड्रिल, एक मापपट्टी, काचपेपरचे तुकडे,
आणि छताजवळच्या फटीतून दिसणारा
फक्त बुटांपुरता मिलवॉकीचा फेब्रुवारी.
मी बोलिंगच्या चेंडूंना भोकं पाडतो.
दोन बोटांची, एक अंगठ्याचं.
तीस वर्षांत कितीतरी चेहरे विसरलो असेन,
अंगठे नाही.

इरेना शिमचाक टपाल खात्यात पत्रं निवडायची,
गुरुवारच्या लीगमध्ये शेवटून दुसरी यायची.
नोव्हेंबरपासून बघत होतो,
चेंडू सोडताना ती दात आवळते.
कॉफीचा मग डाव्या हातात. कोटाची बटणंही डाव्यानं.
"दाखव," म्हटलं.
ती आईच्या पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटली,
हात दाखवून अवलक्षण, अशाच अर्थाचं.
पण दाखवला.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला
सुजेची गोटी.
अंगठा मुठीत धर, म्हटलं, आणि मूठ करंगळीकडे झुकव.
तिनं झुकवली, आणि जी शिवी हासडली
ती वर वेदीपर्यंत पोचली असावी.

मग चेंडू मागितला. चौदा पौंड, करवंदी रंगाचा.
पट्टी आधी भोकांवर लावली,
नंतर तिच्या तळव्यावर.
पाव इंच.
"हा तुझा चेंडू नाही."
"हालिनाचा आहे," ती म्हणाली.

थोरली बहीण. उंच, लांबसडक बोटांची.
ती गेली त्या हिवाळ्यापासून
अकरा वर्षं
एक हात दुसऱ्या हाताएवढा व्हायला ताणत होता,
दर गुरुवारी पन्नास-साठ वेळा,
निसटू नये म्हणून चिमटीत आवळत
चौदा पौंड.

मी काही डॉक्टर नाही. जिच्याकडे पाठवलं
तिनं पट्टा दिला, सहा आठवडे दिले.
बाकीचं मी सांगितलं, ते माझ्या पोटापाण्याचं आहे:
चेंडू आवळायचा नसतो, इरेना.
खुंटी कुठे कोटाला धरून ठेवते?
भोक मापाचं असलं की तो आपसूक लटकतो,
आणि जायची वेळ झाली की जातो.
बारा पौंडांवर ये. कुणी हसलं
तर त्याच्या खांद्याचं काय झालंय ते मला ठाऊक आहे.
आणि ही भोकं बुजवू, नवी पाडू, तुझ्या मापाची.

ती चेंडू पोटाशी धरून जिना चढून गेली.

सहा आठवडे ती आली, फळ्यावर गुण लिहायला.
डाव्या हातानं. तिचे सात एकासारखे दिसत,
त्यावरून दोनदा भांडणं झाली.
मधल्या वेळात पत्रांच्या गठ्ठ्याचं रबरबँड
पाचही बोटांभोवती चढवून
बोटं उघडायची, मिटायची, उघडायची,
कुणाचं लक्ष नाही असं समजून.

एप्रिलात चेंडू माझ्या टेबलावर ठेवला.
"बुजव. पण वेगळ्या रंगानं.
आणि वजनाचं नाव काढू नकोस."
"दोन्ही बदल."
"एकच."
मी पिवळी राळ ओतली. रात्रभर वाळू दिली.
सकाळी पाव इंच आत ड्रिल टेकवलं.
अंगठ्याच्या नव्या भोकाशेजारी
जुन्याची एक पिवळी कोर राहिली.
काचपेपरनं कडा घासताना
मी तिच्या बाजूला फारसं गेलो नाही.

त्या गुरुवारी आधी दहा मिनिटं हात कोटाच्या खिशात,
मग मोकळ्या हातानं झोके, चेंडूशिवाय.
मग पहिला चेंडू.
अंगठा निघताना बाटलीचं बूच उपसावं
तसा आवाज यायचा अकरा वर्षं.
आला नाही.
सात पिना पडल्या. तिनं पाहिल्याच नाहीत,
तळवा उलटासुलटा करून बघत राहिली,
जणू कुणीतरी त्यातून काही काढून घेतलंय.

एकच गेम ठरला होता. एकशे चार गुण.
ती दुसऱ्यासाठी उठली.
मी लेनचा दिवा मालवला.
त्यानंतर पोलिशमध्ये जे ऐकलं
त्याचा अर्थ विचारू नका.