तीन बोटांची फट

रोहिदासच्या माळ्यावरून आल्या त्या पहिल्या कुबड्या,
त्याच्या थोरल्या काकाच्या. काका माडासारखा उंच,
मी माशेलचा बुटका रंगवाला.
लाकूड चांगलं होतं, खोटं का बोलू.
आठ दिवस खांदे कानांपाशी नेऊन
घरभर लोंबकळलो,
दांडीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा.
नवव्या दिवशी उजव्या हाताची बोटं झोपी गेली.
चहाचा कप हातात होता
आणि हाताला ते ठाऊक नव्हतं.

फोंड्याच्या हॉस्पिटलात जॉयला फुर्तादो,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं आधी कुबड्या पाहिल्या, मग मला,
आणि विचारलं, हे माप कोणाचं?

मला विचारावं हे?
चाळीस वर्षं जत्रेच्या नाटकांतून टोप बसवतोय.
सैल टोप तिसऱ्या अंकात नाकावर येतो,
घट्ट असला तर राजा पहिल्याच प्रवेशात रडवेला.
गावातली सगळी डोकी मला सुतळीच्या गाठींत पाठ.
आणि माझ्याच काखेत दुसऱ्याचं माप.

"चप्पल घाला आधी. रोजची, तीच."
प्रेमावतीनं पिशवीतून काढली, एकाच पायाची.
मग अल्युमिनियमच्या नळ्या, नळ्यांना भोकं, भोकांत बटण.
एक वर. टक्.
दोन खाली. टक्.
काख आणि गादी यांच्यामध्ये
तिनं स्वतःची तीन बोटं आडवी सरकवली,
मिशी चिकटवण्याआधी मी ओठ चाचपतो तशी,
लाजेला जागा न देता.
"ही फट राहू दे. काखेर न्हय हां, हातार."
मूठ मनगटाच्या घडीशी,
कोपर जरासं वाकलेलं, आरतीचं तबक धरावं तेवढं.

आधी कुबड्या, मग मी.
पुन्हा. आधी कुबड्या.
खाली बघू नका, पुढे बघा.
सवकास.
हा शब्द तर माझा,
नटांच्या डोळ्यांत काजळ घालताना मी म्हणायचो तो.
मंडपामागच्या शिडीवरून उतरताना
मला कोणी म्हटला नाही.
रंगांची पेटी छातीशी धरून पडलो होतो.
पेटी वाचली.

तिथल्या लाकडी जिन्याला तीनच पायऱ्या, भिंतीत संपणाऱ्या.
चढताना चांगला पाय पुढे,
कुबड्या त्याच्यामागून.
उतरताना कुबड्या पुढे, प्लास्टरचा पाय त्यांच्यासोबत,
चांगला मागे राहून सगळं सांभाळतो,
घरातल्या थोरल्यासारखा.
मी दोनदा उलटं केलं. दोनदा तिनं
पाठीमागून कमरेचा पट्टा धरला.

आता घरी.
अंगणात भिरंडांची सालं वाळताहेत,
त्यांतून प्रेमावतीनं माझ्यापुरती वाट काढली आहे,
लाल काठांची.
सोप्यावरची चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी.
मागल्या दारी मासळी धुतलेलं पाणी असेल
तर तिकडे मला बंदी.
कुबडीच्या टोकालाही टोपी असते, रबराची.
रोज रात्री उलटी धरून बघतो,
खडा रुतलाय का, कड झिजली का.
सवय आहे. प्रयोगाआधी टोप असेच बघायचो.

चिऱ्यांच्या सात पायऱ्या रस्त्यापर्यंत.
चौथी हलते. वीस वर्षं हलते आहे,
आणि वीस वर्षं मी म्हणतोय, बघू.
काल दुपारी तिच्यावर एक कुबडी टेकली,
ती हलली, मी हललो नाही,
मुठी घामानं ओल्या, पोटात गोळा.
तिथेच बसलो. पोदेर सायकल ढकलत गेला,
भोंगा वाजवायचा विसरून बघत राहिला.
संध्याकाळी गवंड्याला निरोप धाडला.

बुधवारी सगुण आला, यंदा राजाचं काम त्याला.
माझ्या खालच्या पायरीवर बसला.
नवा टोप डोक्यावर ठेवून
भुवई आणि कड यांच्यामध्ये मी बोटं आडवी घातली.
तीन.
आजवर दोनच घालत होतो.
"लई दुखतंय का हो?" त्यानं माझ्या पायाकडे बघत विचारलं.
म्हटलं, हलू नको.