हरकती व सूचना

मसुदा एकोणीस पानांचा.
तहसीलच्या भिंतीवर लावला तेव्हा खळ ओली होती,
आता कोपरा सुटलाय, फडफडतो
त्याच वाऱ्यानं, ज्याच्याबद्दल त्यात लिहिलंय.

मी बाहेर, चिंचेखाली, टाइपरायटर मांडून बसतो.
वारसाचा अर्ज चाळीस, प्रतिज्ञापत्र साठ.
हवेबद्दलचा अर्ज आजवर कुणी मागितला नव्हता.

ठगुबाई आली ती पथारीवरूनच,
ओच्यात मिरचीचे दोन-चार देठ अडकलेले,
मागे सहाजणी.
त्या टेकल्या तसा समोरचा झेरॉक्सवाला शिंकला,
मग त्याचं गिऱ्हाईक,
मग मी.
"हाई दखा," ती म्हणाली, "आजून मशीन लागस का?"

वाचून दाखवलं.
प्रत्येक वस्तीत एक यंत्र. दर तासाला आकडा.
आकडा चढला की फलक लाल.
"लाल?" मागची एक हसली.
नंदुरबारात कार्तिकापासून माघापर्यंत
जमीनच लाल असते,
नजर जाईल तिथवर.

अडीच मायक्रॉन म्हणजे कितलं, विचारलं त्यांनी.
मी म्हटलं, एका केसाचे उभे तीस भाग करा, त्यातला एक.
ठगुबाईनं स्वतःची बोटं पाहिली.
रात्री ती ताकात बुडवून ठेवते,
तरी चुलीपुढं बसवत नाही.

मग कलम दोन. व्याख्या.
सभोवतालची हवा म्हणजे
कोणत्याही कामाच्या जागेच्या कुंपणाबाहेरील हवा.

थांब, परत वाच.
परत वाचलं.

पथारीच्या कुंपणाला तीन तारा.
एका जागी त्या वाकवून जमिनीला टेकवल्यात,
बायकांनीच, येण्याजाण्यासाठी.
तिथं बाभूळ आहे. खोड बाहेर, फांदी आत.
फांदीला झोळी, झोळीत तिचा नातू, सात महिन्यांचा.
झोका जातो तेव्हा पोर कामाच्या जागेवर,
येतो तेव्हा सभोवताली.

"मन्हा नातू कोठली हवामा शे," ती म्हणाली,
"ते लिख."

मी लिहिलं, अर्जदारांची हरकत कलम दोनला आहे.
कारण या रकान्यापाशी बोटं अडली.
झोका थांबवून मोजता येईल, साहेब म्हणतील.
थांबवला की ते रडतं, ती म्हणाली,
अन रडताना श्वास मोठा ओढतं,
हेबी टाक.
टाकलं.

मुदत तीस दिवसांची, बावीस सरलेले.
सहा अंगठे, आणि एक सही,
जिची वेलांटी काढताना ती बाई
सुईत दोरा ओवावा तशी जीभ दातांत धरून होती.
पैसे घेतले नाहीत असं सांगायला बरं वाटलं असतं.
वीस घेतले. कागदाचे.

पोच आणायला मीच आत गेलो.
आवक-जावकच्या कारकुनाला जवळचं दिसत नाही,
त्यानं अर्ज नाकाशी नेला,
अंगठ्यांवरून नजर फिरवली,
शिक्का उचलला,
आणि शिंकला.

शिक्का तिरपा पडलाय.
तारीख नीट वाचता येत नाही.