खंय नाय

शुक्रवारी शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं.
सोमवारी साडेसहाला सायकल बाहेर काढली
तेव्हा बायको पडवीतून म्हणाली, "आता खंय?"
"खंय नाय," मी म्हटलं.
एकतीस वर्षांत तिला इतकं खरं उत्तर
मी दिलं नव्हतं.

कालव्याकडेचा रस्ता तोच,
मधोमध गवताची शेंडी,
दोन्ही अंगांना लाल मातीत चाकोऱ्या,
त्यातली डावीकडची बहुतेक माझीच.
काजू मोहरून गेलेले, बोंडांचा आंबूस वास.
हात आपोआप ब्रेकवर जातो:
चार नंबरची खिडकी किती इंच उघडी,
अस्तराला कुठे भेग, पिंपळाने कुठे पाय रोवला,
रात्रीत कोणी पंप टाकला.
वही नाही खिशात.
एक चावी आहे, जमा करायची राहिलेली,
प्रत्येक पायडलला मांडीला टोचते.

कपडे धुता धुता मेस्त्रीणबाई ओरडली,
"काका, आमच्या पाटाक पाणी कधी येतला?"
"माका विचारू नको आता."
तिला ते उद्धट वाटलं असणार.
घंटी वाजवून पुढे सटकलो.

सहाव्या मोरीपाशी एक बोंडू पाण्यात पडला.
तांबडा, बीसकट.
म्हटलं, जाऊ या याच्याबरोबर.
जमेना. सायकलला इतकं हळू येत नाही,
ती कलंडते.
दोनदा पाय टेकला, एकदा घाणेरीत शिरलो,
आणि बोंडू आपला निवांत, गोल फिरत,
मधेच खंड्याची सावली अंगावर घेत,
पुढे.
इतकी वर्षं या पाण्याचा वेग मी तक्त्यात भरला.

पुढे कालवा रेल्वेवरून जातो,
सिमेंटच्या पन्हाळीतून.
खाली रूळ, रुळांवर तो.
खांद्यावर हातोडा, काखेत दोन झेंडे गुंडाळलेले.
चौदा वर्षं मी वरून हात केला, त्याने खालून.
घरी मी त्याला हातोडेवाला म्हणायचो.

आज सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरलो.
गुडघे वाजले, त्याने ऐकले असावेत.
"इनास लोबो," तो म्हणाला, आणि लगेच,
"वही खंय आज?
मी खालसून बघतंय. मधोमध थांबतास, लिवतास, जातास.
आज थांबलास नाय."

त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली, सुक्या बांगड्याबरोबर.
गाडी गेली तेव्हा दोघांनी तोंड फिरवलं
आणि धूळ बसेपर्यंत तसेच राहिलो.

रुळांच्या कडेने एक वाट जाते,
मार्ग बांधताना खडीच्या डंपरांनी पाडलेली,
आता कोणाचीच नाही.
"खाडीवर उतरता म्हणतत," इनास बोलला.
"म्हणतत? तू बघलंस नाय?"
त्याने हातोड्याने एक खांब दाखवला.
"माझी हद्द थंयसर.
तुमी जावन येवा. पुढे काय आसा, ता माका सांगा."

माझीही हद्द होती, बाराव्या किलोमीटरचा दगड.
त्याच्यापलीकडे कालवा कसा दिसतो
हे मलाही कोणी सांगितलेलं नाही.

तर खांब ओलांडला.
खडी, मग वाळली पानं, मग नुसती वाळू.
चेन एकदा उतरली.
सुरंगीखाली चादर पसरून दोन पोरं फुलं झाडत होती,
त्यांनी मला वाट विचारली, मला!
एक गंजलेली ट्रॉली, तिच्यात मुंग्यांचं वारूळ.
एका वळणावर ब्रेकचं रबर जळल्याचा वास
आणि त्यातूनच, खारट, चिखलाचा.

तेरेखोलची खाडी.
मोडक्या जेटीच्या पायरीवर बसलो.
सवय जाईना, काटकी घेतली, पाण्यात बुडवली,
बोटाने मोजलं.
नऊ इंच.
विडी संपवून पुन्हा बुडवली. साडेअकरा.

खिशातली चावी चाचपली.
कोणी खिडकी उघडली नव्हती,
तरी चढत होतं.
हे इनासला सांगायचं.