पाचर

शेडमध्ये शेगडी नाही. नसावीच.
उबेने चरबी वितळते, कातड्यात मुरते,
वरून धडधाकट दिसणारं चामडं
आतून जळलेलं निघतं.
हे आर्लिस, माझा बाप, दर नोव्हेंबरात सांगतो
उलट्या बादलीवर बसून.
हातमोज्यांत हात लपवलेले.
कापतात आता.

म्हणून सुरी माझ्याकडे.
रॅकूनच्या मानेवर जोर, पोटाशी हलका हात,
केसांची मुळं दिसायच्या आत थांबायचं.
शेपटी टोकापर्यंत उघडायची,
नाहीतर ती गुपचूप सडते
आपल्या काळ्या कड्यांसकट.

मग फळी. केस आत, कातडं बाहेर,
नाक टोकावर, डोळे मधोमध,
कडेने चुका, बोटभर अंतरावर.
"ओढ, पण हावरटासारखी नको.
इंचभर लांबीपायी केस विरळ होतात."

एक चूक वाकडी गेली.
तो बोलला नाही.

पाचर मात्र मी साफ विसरले,
पोट आणि फळीमधली ती चपटी काठी.
तो उठला. मोजे काढले.
तिसऱ्या खेपेला सरकली आत.
"वाळताना आवळतं ते. मग फाटेल, पण सुटायचं नाही.
ढील ओल्यातच ठेवायची असते."

बाहेर आयोवाचं शेत, मक्याची खुंटं, दहिवर.
चार दिवस आता वाऱ्याचे.

रात्री खोलीत उशीखालून
डि मॉइनच्या कॉलेजचं पत्र काढलं,
तीन आठवडे कुणाला न दाखवलेलं.
घडीवर
चरबीचा अंगठा.