सात पॉइंट आठ

सकाळी उठते तीच दमून.
रात्रभर मीच कुठंतरी
दुसऱ्याच्या घरी काम करून आल्यासारखी.

जिना बारा पायऱ्यांचा.
सातव्या पायरीवर भिंतीला हात टेकते.
तिथं तेलकट डाग पडलाय पंजाएवढा.
घरात म्हणतात, पोरांनी पाडला.
मी काही बोलत नाही.

नीलम नगरात मला ओळखतात
टॉवेलच्या कडा शिवणारी म्हणून.
डझनावर मजुरी, सुताचा भुगा फुकट.
एप्रिलमध्ये पत्रा तापतो, मशीनचं चाक तापतं,
आणि मी मान टेकवून बसले
की शेजारची अंबुबाई विचारते,
"काय होऊलालंय गं?"
मी म्हणते, ऊन.
सोलापुरात एवढं उत्तर पुरतं.
दिवाळीतही मी तेच उत्तर दिलं होतं,
तेव्हा ती शिवता शिवता थांबली,
आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात घेऊन गेली.

महानंदा सिस्टरनं बोट दाबलं,
टोचलं, परत दाबलं.
रक्त यायलाही दमलं होतं.
हंचाटे डॉक्टर चिठ्ठी बघत राहिले.
"सात पॉइंट आठ. तुम्ही चालता कशा?"
म्हटलं, चालतच आले, रिक्षाला तीस रुपये मागतात.
ते हसले नाहीत.

लाल गोळ्यांची पाकिटं मिळाली.
लिंबू पिळून घ्या. चहासोबत नको.
आधी नको, नंतर दोन तास नको.
आता चहा नाही तर दिवस
कशाला धरून उभा राहायचा,
हे कुठल्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

तिसऱ्या दिवशी संडास काळी झाली,
मी घाबरून अंबुबाईला हाक मारली.
ती संडासाच्या दाराबाहेरून म्हणाली,
"होतं तसं. मला तर चार पोरांच्या वेळी झालं."
मळमळ, पोट दगड.
डॉक्टर म्हणाले, एक दिवस आड घ्या,
पण सोडू नका.
अत्तम्मानं तिच्या परीनं
डाळीत धुतलेला खिळा टाकला.
माझ्याच वाटीत आला.

त्याच महिन्यात नवऱ्यानं माग विकला.
सासऱ्यांचा माग, तेल पिऊन काळा पडलेला.
भंगारवाल्यानं मोडून टेम्पोत भरला,
किलोवर भाव केला,
पार काट्यापर्यंत घासाघीस.
मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या,
जिभेवर गोळीची गंजकी चव.
एवढं लोखंड घरातून चाललंय
आणि मी थेंबाथेंबानं आत घेतेय,
असं मनात आलं.
कुणाला सांगायसारखं नव्हतं.

दोन महिन्यांनी नऊ पॉइंट सहा.
सगळे खूश. मी पण.
सातव्या पायरीवर हात उचलला
आणि भिंतीला न लावताच वर गेले.
पण महिन्याचे ते दिवस आले, गेले,
आणि परत अंगात कुणी वाळू भरली.
पुढच्या चिठ्ठीवर आठ पॉइंट नऊ.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
"पाळी किती दिवस असते?"
आठ. कधी दहा.
"कधीपासून?"
धाकट्यानंतर.
"धाकटा केवढा आहे?"
दहावीत.

खोलीत पंख्याचा आवाज होता.
मी त्यांना नाही सांगितलं,
महानंदाला सांगितलं, पडद्याआड:
सेकंड मालाचे टॉवेल असतात ना,
डाग पडलेले, वीण सुटलेले,
शेठ फुकट देतो.
एका दिवसाला दोन लागतात.
ती काही लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती.
मग म्हणाली, "अहो ताई,
बादलीला भोक आहे
आणि तुम्ही तांब्यानं भरताय."
सोनोग्राफीची तारीख दिली, गुरुवारची.
गोळ्या चालूच ठेवायच्या. दोन्ही करायचं.

गुरुवार अजून यायचाय.
काल दुपारी तीन वाजता दमले,
मशीन थांबवली, हिशोब केला:
पाच डझन झालेले.
म्हणजे हा थकवा माझ्या ओळखीचा आहे,
याला मजुरी आहे.

दुसरा अजून जिन्यात बसलाय.
त्याचं नाव तरी आता
कागदावर आलंय.