डावखुरी

फिलेमनकाका कानस उशाशी घेऊन झोपायचा.
म्हणजे कानस चुलीत, आणि चूल उशाशी.
पत्र्याची चूल, तिची नळी
तंबूच्या कापडातून मान बाहेर काढून
रात्रभर खोकणारी.
निखाऱ्यात लाल झाली की राखेत पुरायची कानस,
सकाळी उकरली तर तिची मस्ती उतरलेली.
"माणसं पण अशीच मऊ होतात," मी म्हटलं.
तेरा वर्षांची होते, असं काहीबाही म्हणायचे.
"माणसं राखेत मऊ होत नाहीत," तो म्हणाला.
"चहा टाक."

मिस्तासिनीच्या वरच्या अंगाला
सरोवर त्या आठवड्यात गोठत होतं.
काळोखात आवाज यायचा,
कुणी लांबलचक दार ओढून लावतंय, असा.

शहरातल्या शाळेच्या शिबिरात शिकवलं होतं,
पातं नेहमी स्वतःपासून दूर.
आम्हा क्री लोकांची वाकडी सुरी हे ऐकत नाही.
तळहात आकाशाकडे करून मूठ धरायची,
अंगठा मागे कललेल्या शेपटावर,
आणि ओढायचं आपल्याच छातीकडे,
थंडीत पांघरूण ओढावं तसं.
दुसरा हात लाकूड धरून गप्प बसतो.
वल्हं, बर्फातल्या जोड्यांची चौकट, घसरगाडीची फळी,
सगळं असं छातीकडे येत येत घडतं.

त्यानं कानस घासली. दाते गेले,
पण त्यांच्या तिरप्या रेघा पाठीवर राहिल्याच.
सुंभ जळलं होतं म्हणा, पीळ होता.
टोक तापवून ओंडक्यावर वळवलं,
बोट हाक मारताना वळतं, तेवढंच.
मग पुन्हा लाल, चुंबक चिकटेना झाला तेव्हा
पाणी पाजलं.
म्हणायचं पाणी. डब्यात अस्वलाची चरबी होती.
तंबूभर असा वास सुटला
की कुत्रा आत आला आणि माझ्याकडे बघत बसला,
जणू मी काहीतरी लपवलंय.

मूठ बर्चची. खाचेत पातं बसवून
ओल्या कातड्याच्या वादीनं आवळलं.
वाळेल तशी वादी स्वतःच घट्ट होत जाते,
त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी हातात दिली.
मी ओढली. लाकडात रुतली.
पुन्हा ओढली. घसरली, उडाली,
माझ्या गुडघ्यावरून गेली.
काका माझ्या हाताकडे बघत राहिला.
तेरा वर्षं मी त्याच्यासमोर जेवत होते.
"तू डावखुरी आहेस," तो म्हणाला,
जणू मी हे आत्ताच, मुद्दाम, केलं होतं.

या सुरीची धार एकाच अंगाला असते.
हात बदलला की ती शत्रू.
त्यानं वादी सोडली, पातं तापवलं,
उलट्या बाजूला वळवायला गेला.
टक्.
एवढाच आवाज. सरोवरसुद्धा याहून जास्त बोललं असतं.

तुटक्या टोकाची त्यानं आरी केली,
अजून आहे, मोकासिनला भोकं पाडते.
पण कानस दुसरी नव्हती.
होती ती एकच, कुऱ्हाडीची,
लाकडी मुठीला त्याच्या घामाचा रंग चढलेली.
ती त्यानं रात्री राखेत घातली.
मी जागी होते. काही बोलले नाही.
त्या हिवाळ्यात तो कुऱ्हाड नदीकाठच्या दगडावर घासायचा
आणि दगडाला, दगडाच्या आईला,
दगडाच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना
शिव्या घालायचा. क्री भाषेत, मग फ्रेंचमध्ये,
कारण फ्रेंच शिव्या थंडीत जास्त टिकतात म्हणे.

ती सुरी कुणालाच चालत नाही.
तंबूत आलेले उचलतात, दोनदा ओढतात,
आणि काहीतरी बिघडलंय अशा चेहऱ्यानं खाली ठेवतात.
अंगठ्याची खळगी आता इतकी खोल झालीये
की हिवाळ्यात तिच्यात चहाचा थेंब राहील.

माझी एमेलीन नऊ वर्षांची झाली.
काल रात्री राखेत कानस पुरली.
त्याआधी तिच्यापुढे नुसताच चमचा ठेवला होता.
उचलला तिनं.
मग मी तो धुवून
पुन्हा ठेवला.