आकसाची पट्टी

राजारामपुरी, सातवी गल्ली. शटर अर्धं ओढून
मी एका पेनड्राइव्हचे चौतीस करते आहे.
शाहूवाडीकडच्या शाळांत रेंज शोधायला टेकाडावर जावं लागतं,
तिथले जुने कॉम्प्युटर यावरूनच जागे होणार.

मुळाला लाल दोरा बांधलाय.
एकदा उलटं झालं होतं, रिकामा मुळावर ओतला.
त्या रात्री जेवले नव्हते.

आण्णा स्टुलावर.
उद्यमनगरात अडतीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले त्यांनी,
पंपाचे, पुलीचे, चरकाच्या दातांचे.
त्यांची पट्टी दुकानातल्या पट्टीशी जुळत नाही:
शंभराला एक जास्तीचा.
बीड निवताना आकसतं,
तेव्हा आधीच खोटं मोजायचं, म्हणजे खरं उतरतं.
"सारखं म्हंत्यात निस्तं. आसतंय कुठं?"

"ह्यात आसतंय. थांबा, दावतो."
चौसष्ट अक्षरांची ओळ. मुळाची एक, नकलेची एक.
आत कुठं एक ठिपका हलला
तरी अख्खी ओळ परकी होते.
मशीन "जुळलं" म्हणून मोकळं झालंय,
आण्णा मात्र चष्मा कपाळावर सारून
अक्षर न् अक्षर वाचतात, ओठ हलवत.

सोळा जुळले.
सतरावा नाही.
पुन्हा ओतला. पुन्हा नाही.
मी तो कचऱ्यात टाकायला उचलला, तर आण्णा:
"मघाशीबी हीच ओळ हुती की.
दोनदा तीच चूक म्हंजे चूक न्हवं ती.
जास्तीचं आसंल कायतरी. मोज."

मोजलं.
सतरावा दुसऱ्या पाकिटातला, पोटानं चिमूटभर मोठा.
मूळ संपतं तिथंच वाचणं थांबवलं,
शेपटाचा कचरा सोडून दिला,
आणि ओळ जुळली.
आण्णा काही बोलले नाहीत. चहा सांगून आले.

एकोणतिसावा मात्र दर वेळी नवी ओळ देत राहिला.
तो बशीत, बाजूला.

साडेअकरा. तेहतीस पाकिटं, तेहतीस चिठ्ठ्या,
प्रत्येक चिठ्ठीवर तीच चौसष्ट अक्षरं.
"आन् मास्तरांनी घालून चालू केला, की?"
"मग नाही जुळायचा, आण्णा.
उघडल्याची वेळ तो स्वतःवरच लिहून घेतो."
"आकसला म्हन की मग,"
असं म्हणून ते खाली वाकले,
अंधारात पायानं चपला चाचपत.